संपत राक्षसाची सुनावणी

"राक्षसाचं पूर्ण नाव काय?"

आबांनी दाराबाहेरून विचारलं तेव्हा मी राक्षसाला नुकतंच गुहेतून बाहेर काढलं होतं. एक पाय पुढे, दोन्ही हात वर, गाल फुगवलेले. तशीच थिजले. सतरंजीवरच्या बावीस पोरांनी आधी आबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, की आता ही काय सांगते.

"नाव नाहीये त्याला," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल. इथं ऐकू येत नाही."

"नाव नाही."

"बिननावाचा इसम मी सबंध नोकरीत बघितला नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "वडिलांचं नाव? राहणार कुठला?"

आज मी दहावीत आहे आणि आमच्या वर्गशिक्षिका मीटिंगमध्ये माझ्या आईला म्हणतात, तेजलच्या तोंडाला बसेल असं झाकण कुठे मिळालं तर बघा. पण ही गोष्ट मी सातवीत होते तेव्हाची. तेव्हा मी इतकी गप्प असायचे की शाळेची सहल मला एका किल्ल्यावर विसरून आली होती आणि मी बसमध्ये नाही हे सगळ्यांना चाळीस किलोमीटरनंतर, तेही माझा डबा उरला म्हणून कळलं.

अशा मुलीला गोष्ट सांगायला उभं केलं होतं, कारण सुलूआत्याच्या गळ्याचं छोटंसं ऑपरेशन झालं होतं. आत्या गावातली बालवाडी चालवायची, दूध डेअरीच्या जुन्या खोलीत. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही म्हणून सांगितलं होतं. बाकी सगळं ती खुणांनी भागवायची, पण गोष्ट खुणांनी कशी सांगणार? माझी शाळा साडेअकराची, त्यामुळे सकाळचा गोष्टीचा तास माझ्या गळ्यात आला. आत्या कोपऱ्यात पाटी घेऊन बसायची आणि मधूनमधून ती माझ्याकडे धरायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, 'हळू' किंवा 'भिंतीशी नको, मुलांशी बोल.'

आबा म्हणजे महसूल खात्यातून रिटायर झालेले सर्कल साहेब. अख्खं गाव त्यांना सर्कल आबा म्हणायचं. जमिनींच्या भानगडींची चौकशी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आता ते बालवाडीच्या कमिटीचे अध्यक्ष होते. पण रोज दारात खुर्ची टाकून बसायचे ते अध्यक्ष म्हणून नाही. त्यांची नात कृष्णाई, साडेचार वर्षांची, महिनाभर बालवाडीचा उंबरा ओलांडत नव्हती. ती रोज यायची, चपला काढायची, त्या नीट जोडून ठेवायची आणि बाहेरच्या पायरीवर बसायची. आत मात्र यायची नाही. ओढली तर चौकट धरायची, चौकट सोडवली तर चावायची.

महिन्यापूर्वी ती बालवाडीत असताना तिच्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. कृष्णाई घरी गेली तर आई नाही. आठ दिवसांनी आई बाळ घेऊन परत आली, सगळं ठीक झालं, पण ही पायरीवर बसली ती बसलीच.

"मी रोज तिला खरं काय ते सांगतो," आबा आत्याला म्हणाले, "आई दवाखान्यात गेली होती, आली, आता घरी आहे. दवाखान्याचा कागद दाखवला, शिक्क्यासकट. कागदावर पोरीचा विश्वास नाही. आणि बसणार कसा? आत बघावं तर राक्षस. भ्यालीय ती. तुमचे हे राक्षस बंद करा, पाढे सुरू करा. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर पुढच्या सोमवारपासून ती तालुक्याच्या शाळेत, व्हॅननं."

व्हॅनमध्ये तिला एकदा बसवून बघितलं होतं. ड्रायव्हरच्या हातावर अजून दात दिसत होते.

आत्यानं पाटीवर लिहिलं, 'राक्षस बंद नाही.' खाली रेघ मारली. मग आणखी एक.

तर त्या सोमवारी आबांना माझ्या राक्षसाचं नाव हवं होतं. खरं तर गोष्ट मी आधीच बिघडवून ठेवली होती. आत्याच्या गोष्टीत राक्षस राजकन्येला पळवतो. मी घाबरून उलटं सांगून बसले, की राजकन्या बागेत खेळायला गेली आणि इकडे राक्षसानं राणीला पळवलं. आत्यानं कपाळाला हात लावला. पण मी पाहिलं, पायरीवरची कृष्णाई उठून उभी राहिली होती आणि तिच्या पायांची बोटं उंबऱ्याला टेकली होती. म्हणून मी गोष्ट दुरुस्त केली नाही.

"त्याचं नाव संपत," राजवीर म्हणाला. हा पाच वर्षांचा, बालवाडीतला सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याला सगळं माहीत असायचं.

"तुला काय ठाऊक?" आबांनी विचारलं.

"आमच्या डोंगरामागं राहतो तो. तीन डोकी हायत त्याला."

"तिन्ही डोक्यांचं नाव संपतच?"

यावर पोरांमध्ये वाद झाला. काही म्हणाली एकच नाव, काही म्हणाली तीन. मग एकीनं विचारलं की आधार कार्ड एक का तीन, आणि आबा खरोखर विचारात पडले. मी पाहत होते. एवढा मोठा माणूस, पेनाचं टोपण दातात धरून, राक्षसाचा फोटो कुठल्या डोक्याचा काढायचा या प्रश्नावर अडला होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही म्हणता आहे, मी म्हणतो नाही. असं असलं की चौकशी लागते. मी शेकडो चौकशा केल्यात. रीतसर नोटीस काढू. शनिवारी नऊ वाजता सुनावणी. तीनदा पुकारा करायचा. हजर झाला तर आहे. नाही झाला तर नाही, आणि मग कृष्णाई आत येणार आणि हा विषय संपणार. मान्य?"

"मान्य," बावीस पोरं म्हणाली. पायरीवरून आवाज आला नाही.

मंगळवारी जबाब झाले. आबांनी एकेका पोराला समोर उभं करून विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. राक्षसाची उंची डेअरीच्या टाकीएवढी, अंगावर केस, रंग वांग्यासारखा. तो आठवड्यातून एकदाच अंघोळ करतो, असा जबाब देणाऱ्या पोराची आईही आठवडाभर त्याच तक्रारीसाठी त्याच्यामागे लागली होती. प्रत्येकानं जबाबाखाली शाईचा अंगठा उठवला. घरोघरी निळे गाल, निळे डबे. एका पोराच्या निळ्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या पांढऱ्या बैलावर सापडला.

बुधवारी नोटीस डकवायला डोंगरावर जायचं होतं. नोटीस इसमाच्या दारावरच डकवावी लागते आणि तेव्हा दोन पंच हजर लागतात, हे आबांनी समजावून सांगितलं. एक पंच राजवीर, एक पंच मी. मग बाकीची वीस-एकवीस पोरंही निघाली आणि आबांनी त्यांना 'जमलेले ग्रामस्थ' म्हणून लिहून घेतलं. डोंगर काही मोठा नाही, शाळेच्या मागची टेकडी. कृष्णाईही आली, कारण टेकडीला उंबरा नव्हता. खळीची वाटी तिच्या हातात होती आणि ती एवढी जपून चालत होती की सगळ्यांच्या मागे पडली. मी तिच्याबरोबर राहिले.

"तेजूताई, त्याला वाचता येतं का?"

"कुणाला?"

"संपतला."

मी खोटं बोलायला जीभ उचलली, पण ती माझ्याकडे अशी बघत होती की म्हणाले, "मला वाटतं, नसेल येत."

"मग त्याला कळणार कसं?"

वर एका मोठ्या कपारीच्या तोंडाशी आबांनी स्वतःच्या हातानं नोटीस डकवली. 'राक्षस नामे संपत, राहणार डोंगरामागे, यास कळविण्यात येते की...' पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे खाली उतरायला लागले. कृष्णाई मात्र कपारीपाशी थांबली, तोंड फटीला लावलं आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली.

"काय सांगितलंस गं?" आबांनी विचारलं.

"तारीख," ती म्हणाली.

गुरुवारपर्यंत हे प्रकरण गावभर झालं होतं. चक्कीवर बायका मला विचारत होत्या, सुनावणीला मोठ्या माणसांना बसता येईल का. शुक्रवारी सकाळी गणपा माळी आबांच्या दारात आला. माणूस पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, हातात सातबारा.

"सर्कल साहेब, तुम्ही नोटीस लावली ती कपार माझ्या बांधात येती. म्हंजे राक्षस माझ्या हद्दीत राहतोय का?"

"गणपा, राक्षस नाही. ते पोरांसाठी आहे."

"नसला तर नोटीस कुणाला काढली?"

आबा त्याच्या हातातला सातबारा बघायला लागले.

"का दुसऱ्या कुणाचं नाव लावून माझा बांध सरकवायचा बेत हाय?" गणपा म्हणाला. शेवटी आबांना त्याला लिहून द्यावं लागलं, की राक्षस हजर झाल्यास त्याचा सदर जमिनीवर कोणताही हक्क राहणार नाही. गणपा समाधानानं गेला. मी ओट्यावर बसून हसत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं हसतेय.

शनिवार आला. डेअरीच्या खोलीत आबांसाठी टेबल मांडलं होतं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खोलीत पोरं, खिडकीत बायका, बाहेर गणपा. कृष्णाई तिच्या पायरीवर, चपला जोडून ठेवलेल्या. रस्त्यापलीकडे त्यांच्या घराच्या दारात तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली दिसत होती.

"तेजल, तू शिपाई," आबा म्हणाले. "पुकारा तू कर."

"आबा, माझा आवाज—"

"आवाज नसेल तर शिपाई कसली?"

मी दारात गेले. कृष्णाई माझ्या पायाशी बसली होती.

"संपत राक्षस हजर आहे का," मी म्हणाले.

"कोण ऐकणार हे?" आबा आतून म्हणाले. "तुझ्या पायाशी बसलाय का तो? डोंगरापलीकडं गेलं पाहिजे."

दुसऱ्यांदा जरा बरं झालं. खिडकीतली एक बाई म्हणाली, "हिला आवाज हाय व्हय, मला वाटलं मुकी हाय." त्याचा मला असा राग आला की तिसऱ्यांदा मी पोटापासून ओरडले. रस्त्यावरच्या म्हशी थांबल्या. चक्कीवाल्यानं चक्की बंद करून बाहेर डोकावलं. तो आवाज माझाच आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला आणि कळलं तेव्हा, खरं सांगते, मला आणखी दहा राक्षसांना बोलावावंसं वाटलं.

डोंगराकडून कुणी आलं नाही.

आबांनी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "नोटीस डकवून, तीन वेळा पुकारा करूनही हजर नाही. सबब असा कोणी इसम अस्तित्वात नाही." मग चष्मा वर करून दाराकडे बघितलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बघितलंस ना बाळा? कुणी नाही. आता ये आत."

कृष्णाई उठून उभी राहिली. तिनं चौकट धरली होती.

"आला न्हाई म्हंजे न्हाईच, असं नसतंय."

"का नसतंय?"

"आई पण आली नव्हती. आठ दिवस. पण होती की."

आबांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं.

"ते वेगळं आहे."

"कसं काय वेगळं?" राजवीरनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कृष्णाईनं माझ्या फ्रॉकची कड ओढली. "परत हाक मार."

"तीनदाच असते," आबा म्हणाले. "चौथा पुकारा कायद्यात नाही."

कोपऱ्यातून आत्याची पाटी वर आली. तिच्यावर फक्त 'मार' एवढंच लिहिलं होतं.

या वेळी मी ओरडले नाही. ओरडायचं कारण नव्हतं. संध्याकाळी जेवायला आपल्या घरातल्या पोराला बोलवावं तशी म्हणाले, "संपत, ए संपत."

"ओ," कृष्णाई म्हणाली.

आणि पाठ वाकवून, दोन्ही हात लांब फाकवून, धप धप पाय आपटत ती उंबरा ओलांडून आत आली. पोरांनी वाट करून दिली. टेबलासमोर जाऊन ती उभी राहिली. टेबल तिच्या नाकापर्यंत येत होतं.

आबांच्या हातातलं पेन हललं नाही. मला वाटलं, आता ते तिला उचलून घेणार आणि सगळं विसकटणार. पण ते सर्कल साहेब होते. त्यांनी घसा साफ केला.

"नाव?"

"संपत."

"डोकी तीन असं जबाबात आहे. तुला तर एकच दिसतं."

"एकच आणलं. बाकीची झोपल्यात."

"राणीला तू पळवलंस असा आरोप आहे. मान्य आहे का?"

"व्हय."

मागून राजवीर म्हणाला, "बघा, कबूल केलं," आणि आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"कसं पळवलंस?" आबांनी विचारलं.

राक्षसानं हात खाली घेतले. "राणीच्या पोटात दुखत होतं सकाळी. ती म्हणाली, आज नको जाऊस, माझ्यापाशी बस. मी म्हणालो, न्हाई, मला गोष्ट ऐकायचीय. मी रडलो. मग ती म्हणाली, जा." थोडं थांबून, "मी हितं आलो. मग ती गेली. मी आत आलो म्हणून गेली."

आबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. महिनाभर ते तिला दवाखान्याचा कागद दाखवत होते. त्यावर तारीख होती, शिक्का होता, डॉक्टरांची सही होती. हे कशातच नव्हतं.

"त्याला डोंगर उचलायची शिक्षा द्या," आत्याच्या बोटांमधून राजवीर म्हणाला.

"गप. चौकशी संपली नाही अजून." आबांनी चष्मा लावला. "संपत, नीट आठवून सांग. राणी कशातून गेली?"

"गाडीतनं."

"पांढऱ्या?"

"मला काय ठाऊक? मी हितं होतो."

"म्हणजे गाडी तू आणली नाहीस."

"न्हाई."

"गाडीला फोन कुणी केला, ठाऊक आहे?"

राक्षसानं नाही म्हणून मान हलवली.

"सर्कल आबांनी केला," आबा म्हणाले. "राणीचा हात धरून गाडीत कुणी बसवलं? सर्कल आबांनी. बाळ यायचं होतं म्हणून. लिहितोय मी हे." आणि ते खरंच लिहीत होते, अक्षर वाकडं येत होतं तरी. "राणीला राक्षस संपत यानं नेलं नाही. राणीला सर्कल आबांनी नेलं."

खिडकीत कुजबुज झाली. गणपा बाहेरून म्हणाला, "आयला."

राक्षस टेबलाच्या कडेवरून त्यांच्याकडे एकटक बघत होता. "मी घरी ऱ्हायलो असतो तर?"

"तरी नेलं असतं."

"मी लई रडलो असतो तर?"

"तरी नेलं असतं. तू गाडीच्या पुढे आडवा पडला असतास ना, तर तुला उचलून बाजूला ठेवलं असतं आणि नेलं असतं. तुझ्या हातात नव्हतंच ते. काय म्हणतो मी, समजतंय ना, संपत?"

राक्षसानं ओठ मुडपले. विचार केला.

"मग शिक्षा आबांना," राजवीर म्हणाला. आता त्याला कुणी गप्प केलं नाही. आबा स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. राक्षसावर खोटा आळ आला, महिनाभर बिचाऱ्याला बाहेर बसावं लागलं. शिक्षा त्यानंच सांगावी."

कृष्णाई टेबलाला वळसा घालून आबांच्या खुर्चीपाशी गेली. डोंगर उचला म्हणेल, पाढे म्हणा म्हणेल, असं मला वाटत होतं. ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पुढल्या टायमाला," ती म्हणाली, "मला सांगून न्या."

आबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्यासमोर धरला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, घडी घालून फ्रॉकमध्ये खोचला. मग ती सतरंजीपाशी आली आणि राजवीरला म्हणाली, "सरक."